पूल दाखवण्याचा कार्यक्रम

सुकापूरच्या पुढे, आता टॉवर संपले असं वाटतं आणि तेवढ्यात आणखी एक टॉवर लागतो, त्याच्या मागे गाढी नदीला जाऊन मिळणाऱ्या ओढ्यावर एक दगडी पूल आहे. तीन कमानींचा. रुंदी म्हणाल तर एक रिक्षा आणि एक म्हैस परस्परांचा मान राखून जातील एवढी. दोन रिक्षा समोरासमोर आल्या की कोणीतरी मागे जायचं, आणि कोणी जायचं हे ठरेस्तोवर दोन्ही रिक्षावाल्यांचं लांबचं नातं निघायचं.

या पुलाच्या कठड्यावर, मधल्या कमानीच्या बरोबर वर, विनायकराव सहस्रबुद्धे रोज संध्याकाळी बसत. त्यांची सगळी नोकरी दादरला एका विमा कचेरीत लोकांच्या वयाचे पुरावे तपासण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी दादरची जागा विकली आणि सुकापूरला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला. फ्लॅट उत्तम होता. हवा होती, उजेड होता, गॅलरीतून कर्नाळ्याचा सुळका दिसत होता. नव्हता तो बोलायला माणूस. सोसायटीत माणसं होती, पण ती लिफ्टमध्येच भेटत आणि मजल्यांच्या आकड्यांकडे बघत उभी राहत. विनायकराव पेपर संपल्यावर पेपरातल्या जाहिरातींना मोठ्यानं उत्तरं देऊ लागले, तेव्हा त्यांच्या पत्नी नीताताईंनी त्यांना चपला आणून दिल्या आणि संध्याकाळचं बाहेर काढलं.

चालता चालता ते पुलावर पोचले. दम लागला म्हणून कठड्यावर टेकले. शेजारी एक गृहस्थ आधीच टेकलेले होते. हे कमळाकर म्हात्रे, गावातले. शेती बिल्डरला देऊन मोकळे झालेले आणि इतके मोकळे झालेले, की दिवस कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी विनायकरावांना कुठले, काय, किती मुलं, असं सगळं विचारून घेतलं. दादरहून आल्यापासून विनायकरावांना कोणी काही विचारण्याची ती पहिलीच वेळ. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, आणि मग जातच राहिले.

तिसरी होती चिंधी. डोंगराखालच्या वाडीवरून ती पाटी घेऊन यायची आणि पुलावरच विकायला बसायची. शेवळं, करवंदं, कंद, खेकडे, ज्या दिवसात जे मिळेल ते. गिऱ्हाईक नसलं की ती या दोघांच्या बोलण्यात तोंड घालायची आणि गिऱ्हाईक असलं तरी घालायची.

पूल कोणी बांधला हे कोणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे ते सगळ्यांना ठाऊक होतं. कमळाकरांच्या मते इंग्रजांनी. एका गोऱ्या साहेबाचं घोडं ओढ्यात रुतलं, साहेब चिडला आणि त्यानं पूल बांधून टाकला. विनायकरावांचा कल पेशवाईकडे होता. पुरावा काही नव्हता, पण त्यांच्या घराण्यात पुरावा नसला की कल पेशवाईकडेच जायचा. चिंधीचं म्हणणं वेगळं होतं. "आमच्या मानसांनी बांदला," ती म्हणाली. "साहेब काय डोक्यावर दगड घेतो काय?" त्यावर दोन्ही इतिहासकारांनी खेकड्यांचा विषय काढला.

थंडी सरता सरता पुलाच्या तोंडाशी एक पाटी लागली: पूल धोकादायक आहे. ती पहिल्याच वाऱ्याला पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. शेवटी ती पुलाच्याच कठड्याला तारेनं आवळून बांधली, तेव्हा कुठे टिकली.

पाठोपाठ बातमी आली, की हा पूल पाडून इथे चौपदरी पूल होणार. सोसायटीत आनंदीआनंद झाला. विनायकराव मात्र त्या दिवशी घरी आले ते ताटावर नुसते बसून राहिले. नीताताईंनी काय झालं म्हणून विचारलं.

"चौपदरी पुलावर कोण बसतं?" एवढंच ते म्हणाले आणि भात चिवडत राहिले.

नीताताईंच्या डोळ्यांपुढे त्या जाहिराती आल्या. पूल राहिला पाहिजे असं त्यांनीही तिथल्या तिथे ठरवलं.

मग रीतीप्रमाणे समिती झाली. विनायकराव अध्यक्ष, कमळाकर उपाध्यक्ष, आणि सोसायटीचे सेक्रेटरी इंद्रजीत हे चिटणीस. इंद्रजीत यांचं नवीन पनवेलला रंगांचं आणि टाइल्सचं दुकान होतं आणि कुठल्याही समितीत चिटणीस व्हायला त्यांची कधीच ना नसे. चौकशी करता कळलं ते असं, की पूल खरोखर जुना आहे असं ठरलं तर त्याला कोणाला हात लावता येत नाही. पण तसं ठरायला पुरावा लागतो. विनायकरावांना हे नवीन नव्हतं. माणसाचं वय सिद्ध करायला शाळेचा दाखला लागतो हे त्यांनी जन्मभर लोकांना ऐकवलं होतं. पूल शाळेत गेलेला नव्हता.

त्यांनी अर्ज लिहिले, हेलपाटे घातले, कल पेशवाईकडे ठेवून 'आपल्या पुलाचा इतिहास' नावाचं भाषणही तयार केलं. अखेर कळलं, की पाडव्यानंतर मुंबईहून जुन्या वास्तूंच्या जाणकार बाई येतील आणि पूल बघून काय ते ठरवतील.

बघून ठरवतील म्हटल्यावर नीताताई सावध झाल्या. त्यांनी दोन नणंदा आणि एक मुलगी अशी तीन स्थळं पार पाडलेली होती. बघायला माणसं येणार म्हटल्यावर काय करायचं असतं हे त्यांना कोणी सांगायला नको होतं.

"अहो, पुलाला जरा नीटनेटकं करा," त्या म्हणाल्या. "आहे तसा पारोसा दाखवणार का?"

यात न पटण्यासारखं काही नव्हतं. समितीनं पूल झाडून घेतला. झाडल्यावर लक्षात आलं, की कठड्यावर पानाच्या पिचकाऱ्या आहेत आणि त्यांतल्या काही बहुधा पेशवाईतल्याच असाव्यात. त्या घासल्या, निघाल्या नाहीत. म्हणून कठड्याला चुना लावला. चुन्यामुळे खालचे दगड फारच काळे दिसू लागले. इंद्रजीत म्हणाले, रंग माझ्याकडून. दुकानात कोणीतरी परत केलेला क्रीम कलर पडून होता, उन्हापावसाला दाद न देणारा, दहा वर्षांच्या गॅरंटीचा. दगडांतल्या फटींत तो नीट बसेना म्हणून आधी सगळीकडे सिमेंटचा गिलावा केला. कमळाकरांनी तर माणसं दोरानं खाली सोडून कमानींची पोटंही रंगवून घेतली. बघायला आलेला माणूस वाकून बघतो, असा त्यांचा अनुभव होता.

पिचकाऱ्या मात्र थांबेनात. रंग वाळायच्या आत पहिली उडाली. त्यावर उपाय सगळ्या पनवेलला माहीत आहे तोच केला. कठड्याला आतल्या बाजूनं देवांच्या टाइल्स बसवल्या. गणपती, साईबाबा, स्वामी समर्थ, पुढे मक्का, पुढे क्रूस, म्हणजे कुठल्याही धर्माच्या माणसाला थुंकायला जागा उरू नये. एका ठिकाणी देव कमी पडले, तिथे इंद्रजीत यांनी बाथरूमसाठी येणारी धबधब्याची टाइल लावली. कठड्यावर एका बंद पडलेल्या हॉटेलचं स्टीलचं रेलिंग बसवलं, ते मधल्या कमानीवर विनायकरावांच्या बैठकीपुरतं सोडून. ती धोकादायक पाटी सजावटीत बसेना म्हणून काढून ठेवली.

विनायकरावांना एका संध्याकाळी शंका आली. ते पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, "दगड कुठे दिसत नाहीत हो."

"दिसतील कसे?" इंद्रजीत म्हणाले. "आत सुरक्षित आहेत."

कमळाकरांनी त्याला दुजोरा दिला. दगड राखायचा तर त्याला ऊन, वारा, पाऊस लागता कामा नये, नायतर ती राखण कसली, असं ते म्हणाले. संवर्धन या शब्दाचा आणखी काही अर्थ असेल असं विनायकरावांना वाटलं होतं, पण त्या घटकेला तो आठवला नाही.

चिंधीची अडचण वेगळी होती. ती जिथे टेकून बसायची तिथे आता साईबाबा होते. देवाला पाठ कशी लावायची? तिनं आपली विकायची पाटी उचलली, कठड्याकडेनं देव बघत बघत गेली आणि धबधब्यापाशी जाऊन बसली. पिचकाऱ्या थांबल्या हे तिला आवडलं होतं. बाकी पूल बाईसारखा नटलाय, एवढंच म्हणाली.

ठरल्या दिवशी जाणकार बाई आल्या. अनुष्का नावाची तिशीतली मुलगी होती, पायात बूट, गळ्यात कॅमेरा. नीताताईंनी पुलावरच सतरंजी घातली होती. कांदेपोहे झाले, वर ओलं खोबरं, मग चहा. अनुष्कानं पोहे आणखी घेतले, त्यामुळे नीताताईंनी मनातल्या मनात स्थळ जमल्यात जमा केलं. विनायकरावांनी भाषणाचे कागद हातात घेतले आणि घसा साफ केला.

"काका, फारच छान," अनुष्का बशी ठेवत म्हणाली. "आता उजेड आहे तोवर पूल बघून घेऊ या का? कुठंय तो?"

विनायकरावांच्या हातातले कागद खाली आले.

"तुम्ही बसलाय त्याच्यावर," विनायकराव म्हणाले.

अनुष्कानं सतरंजीची कड उचलून बघितलं. मग ती उठली. तिनं क्रीम कलरवर नख ओढून बघितलं. कठड्यावरून वाकून कमान बघितली. खाली ओढ्यात उतरली, कमानीचं पोट बघितलं आणि बराच वेळ वर आली नाही. वर आली तेव्हा तिचा चेहरा एखाद्या घरी चुकून दुसऱ्याच मुलीला बघून बसलेल्या माणसासारखा झाला होता.

"आत जुना पूल असेल हो काका, मी नाही म्हणत नाही," ती म्हणाली. "पण मला जे दिसतं तेच लिहावं लागतं. आणि मला दिसतोय तो गेल्या आठवड्यातला आहे."

हेच वाक्य थोड्याफार फरकानं विनायकरावांनी कचेरीच्या खिडकीतून कितीतरी म्हाताऱ्यांना ऐकवलं होतं. अनुष्कानं गिलावा काढता येतो का तेवढं बघा म्हणून सांगितलं आणि पोह्यांबद्दल नीताताईंचे पुन्हा आभार मानून ती गेली. तिनं काय कळवलं ते काही दिवसांत समजलं: सदर जागी जुनं असं काही आढळलं नाही.

समितीनं मग खरवडायला घेतलं. पण दहा वर्षांची गॅरंटी दुकानदारानं मनापासून दिलेली होती. पटाश्या, विळे, चिंधीचा कोयता, सगळं लावून बघितलं. मधल्या कमानीवर चादरीएवढा तुकडा ओरबाडून निघाला, त्याखाली सिमेंट लागलं आणि कोयत्याची धार गेली. त्याच आठवड्यात जेसीबी येणार असल्याची बातमी आली. खरवडणं तिथेच थांबलं.

आदल्या संध्याकाळी तिघं नेहमीच्या जागी बसली होती. कमळाकर आज काहीच विचारत नव्हते, कारण विचारण्यासारखं सगळं त्यांचं विचारून झालं होतं. चिंधीनं पाटीतली करवंदं निवडता निवडता विचारलं, की नवा पूल झाल्यावर आपण बसायचं कुठं?

"तो पुष्कळ रुंद होणार आहे," विनायकराव म्हणाले. स्वतःला समजवावं तसं म्हणाले.

"रुंद पुलावर कोन थांबतंय, दादा?" चिंधी म्हणाली. "गाड्या बी थांबायच्या नाय."

विनायकराव घरी आले आणि बऱ्याच दिवसांनी त्यांनी पेपरातली एक जाहिरात मोठ्यानं वाचली. नीताताई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. मग त्यांनी इंद्रजीत यांना फोन लावला आणि उरलेला रंग सकाळी पुलावर पाठवायला सांगितला.

"आता कशाला?" विनायकराव म्हणाले.

"शेवटचा दिवस आहे. असं ओरबाडलेल्या अंगानं नाही पाठवायचं कोणाला," नीताताई म्हणाल्या.

तेव्हा सकाळी कमळाकरांनी तो तुकडा पुन्हा रंगवला, पुसट झालेल्या जागांवरून एकेक हात फिरवला आणि नीताताईंनी पुलाच्या तोंडाशी रांगोळी काढली. जेसीबी आला तो रांगोळी बघून अलीकडेच थांबला.

जेसीबीबरोबर जगन नावाचा मुकादम होता. त्यानं खिशातून ऑर्डर काढली. जुना, जीर्ण, दगडी पूल पाडणे, असं तिच्यात लिहिलं होतं आणि सोबत फोटो होता. फोटोतला पूल काळाठिक्कर, कमानीत पिंपळाचं रोप, कठड्याला तारेनं बांधलेली पाटी. जगननं फोटो बघितला. पूल बघितला. फोटो उलटा करून बघितला. मग तो कठड्याकडेनं चालत गेला आणि वाटेत एकेका देवाला नमस्कार करत गेला, त्यामुळे त्याला बराच वेळ लागला.

"हा पूल कुठं हाय?" परत येऊन त्यानं फोटो पुढे करत विनायकरावांना विचारलं. अध्यक्ष चेहऱ्यावरून ओळखू येतो.

विनायकरावांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. उत्तर सोपं होतं. महिनोन्‌महिने ते हेच सगळ्यांना सांगत होते, अर्जांत लिहीत होते, की हा तोच पूल आहे, जुना आहे, फार जुना आहे. आणि वयाच्या बाबतीत खोटं बोलणाऱ्या माणसाला त्यांनी उभ्या जन्मात क्षमा केली नव्हती. त्यांनी कमळाकरांकडे बघितलं. कमळाकर हातातल्या ब्रशकडे बघत होते. चिंधी धबधब्याला टेकून विनायकरावांकडे बघत होती. जगन उत्तराची वाट बघत कठड्याला रेलला.

"तिथे टेकू नका," विनायकराव म्हणाले. "रंग ओला आहे."

हे शंभर टक्के खरं होतं.

जगन दचकून बाजूला झाला. त्याच्या शर्टावर क्रीम कलरचा पट्टा उठला होता. त्यानं त्याला बोट लावलं, बोटाचा वास घेतला आणि साहेबांना फोन केला. साहेबांनी तिकडून विचारलं ते ऐकू आलं नाही, पण जगनची उत्तरं सगळ्यांनी ऐकली. नाय साहेब, दगड नाय, टाइल्स हायत. रेलिंग स्टीलचं. होय, रंग अजून ओला हाय, माझ्या शर्टाला लागला. नाय, पाटी पन नाय. मग तो बराच वेळ नुसता हूं हूं करत राहिला आणि शेवटी फोनवर हात ठेवून त्यानं विचारलं, "साहेब इचारतात, जुना कुनी पाडला?"

"आमाला काय म्हाईत?" कमळाकर म्हणाले. "आमी संध्याकाळचे येतो."

जगननं ते तसंच्या तसं पोचवलं. नवा पूल चुकून पाडला गेला तर नोकरी कोणाची जाईल यावर फोनवर आणखी थोडं बोलणं झालं. एवढ्यात जेसीबीवाला खाली उतरला होता, त्यानं चपला काढल्या होत्या आणि तो गणपतीपुढे हात जोडून उभा होता. त्याला पुन्हा वर बसवून मशीन पुढे घ्यायला सांगणं जगनलाही जड गेलं असतं. ते त्याला सांगावं लागलं नाही. नीताताईंनी दोघांना पोहे दिले. जेसीबी उलटा फिरून गेला. रांगोळीला चाक लागलं नाही.

जुना पूल जागेवर नाही, असं जगननं कळवलं. जागेवर नाही म्हणजे पाडला गेला, असं कचेरीनं धरलं. पाडला गेला आणि त्या जागी पूल उभा आहे, म्हणजे नवा झाला. नवा आहे म्हटल्यावर आणखी नवा कशाला, म्हणून चौपदरी पूल पुढे दुसऱ्या ओढ्यावर सरकला. एका पायरीवरून दुसऱ्या पायरीवर जाताना कोणाचाच पाय घसरला नाही. प्रश्न उरला तो एकच: नवा पूल झाला आणि उद्घाटन नाही? हे कोणालाच बरं दिसेना. तेव्हा मंडप पडला, नारळ फुटला, एका पुढाऱ्यांनी फीत कापली, आणि चालू सालाची तारीख कोरलेली संगमरवरी पाटी मधल्या कमानीवर, कठड्याच्या वर उभी बसवली.

स्थानिक नागरिकांतर्फे दोन शब्द बोलायला विनायकरावांना उभं केलं. 'आपल्या पुलाचा इतिहास' त्यांच्या खिशात होता. त्यांनी तो बाहेर काढला, उघडला, पुन्हा घडी घातली आणि आत ठेवला.

"मी जन्मभर लोकांची वयं तपासली," ते म्हणाले. "या पुलाइतकं तरुण मला कोणी आढळलं नाही. आभारी आहे."

टाळ्या झाल्या. सगळ्यांत जास्त वेळ चिंधीनं वाजवल्या. त्या रात्री विनायकरावांनी भाषणाचे कागद गाद्यांखाली ठेवले. पुन्हा ते वाचायची वेळ येणार नाही हे त्यांना कळत होतं आणि ते त्यांना लागलंही होतं. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते नेहमीच्या वेळी कठड्यावर जाऊन बसले, तेव्हा ती संगमरवरी पाटी बरोबर त्यांच्या पाठीला आली. इतकी वर्षं तिथे टेकायला काही नव्हतं.

आता दर वर्षी पावसाआधी समिती पूल रंगवते. गॅरंटीवर विसंबून राहत नाही. पिंपळाचं रोप डोकं काढेल तिथे कमळाकर ते उपटतात, आधी हात जोडून. पूल एकदा का जुना दिसू लागला, की तो वाचवणं कोणाच्या हातात राहणार नाही, हे तिघांनाही पक्कं ठाऊक आहे.

परवा शेजारच्या टॉवरमध्ये नव्यानं राहायला आलेले एक गृहस्थ दम खायला पुलावर थांबले. पुण्याहून आलेले. हातातला पेपर त्यांनी जाहिरातींच्या पानावर दुमडलेला होता. विनायकरावांच्या नजरेतून ते सुटलं नाही. गृहस्थांनी टाइल्सकडे बघितलं, रेलिंगकडे बघितलं आणि नाक मुरडलं. इथे म्हणे पूर्वी जुना दगडी पूल होता, असं त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं होतं.

"होता," विनायकराव म्हणाले.

"तुम्ही पाहिलाय? कसा होता?"

"साधारण असाच."

"छे हो," गृहस्थ म्हणाले. "ती कामंच वेगळी. हे असलं काय टिकणार?"

कमळाकरांनी कुठले, काय, किती मुलं, असं विचारायला सुरुवात केली. विनायकराव थोडे सरकले आणि कठड्यावर हातानं धूळ झटकून त्यांनी जागा केली.

"बसा," ते म्हणाले.

गृहस्थांना कठडा उंच वाटला, ते खालीच बसले. मागे टेकणार, तोच पलीकडून चिंधी म्हणाली, "तिथं साईबाबा हायत. हिकडं या, धबधब्याला टेका."